वई तोडली त्या वर्षी

मी मुळात भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला धीराच्या गोष्टी शिकवायला नको. माझं माहेर मनोरला, हायवेलगत. रात्रभर ट्रक घरघरत जायचे आणि मी त्या आवाजात ढाराढूर झोपायची. लग्न होऊन माकुणसारच्या बाजूला वाडीत आले आणि तिथल्या शांततेने माझी झोप उडवली. शांतता म्हणायची आपली. वाडीच्या कडेची वई काही कधी गप्प नसायची.

वई म्हणजे कुंपणच, पण जिवंत. निवडुंग, करवंदी, घाणेरी, मध्येच एखादं भोकर आणि या सगळ्यांवर चढलेले वेल. रुंदी एवढी की बैलगाडी आत लपली असती. अलीकडे आमची केळी आणि पानवेलीचे वाफे, पलीकडे भाताची खाचरं आणि त्यापुढे झुडपांचा माळ. माळावरचं आणि वाडीतलं जे जे एकमेकांना भेटायचं, ते या पट्ट्यात. मुंगसं तिथे, भारद्वाज तिथे, घुशी तिथे, आणि घुशींच्या मागावर असणारे सापही तिथेच. विहीर नेमकी वईच्या कोपऱ्याला होती. तिथे भोकराचं एक जुनं पोखरलेलं खोड होतं, त्याच्या मुळांखाली बिळं. मी पाण्याला जाताना पाय आपटत जायची. सासूबाई हसायच्या. म्हणायच्या, "जरा हलू आपट गो, विहीर ढासळंल."

सासूबाईंचं आणि माझं बरं होतं. त्या बोलायला फटकळ, मीही काही कमी नव्हते. पण माझं पहिलं मूल माहेरी झालं आणि महिनाभरही राहिलं नाही, त्यानंतर त्या मला टोचून काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की या वेळचं बाळंतपण इथे, माझ्या डोळ्यांसमोर. मला बरं वाटलं. मला ते मूल हवं होतं. दुसरं काही नको, ते जगायला हवं होतं.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता तो. बोईसरला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि माझ्या नवऱ्याला तिथे नोकरी लागली होती. कारखान्याच्या आवाराला तारेचं कुंपण, कडेचं गवत कापून स्वच्छ, मुंगी चालली तरी दिसावी. ते बघून तो घरी आला की त्याला आमची वई डोळ्यांत खुपायची. सासऱ्यांचं गणित वेगळं होतं. वई दरवर्षी हातभर आत सरकत होती. ती काढली तर केळीच्या तीन ओळी बसतील, असं ते म्हणायचे. सासूबाईंना पानवेलीवर पडणारी सावली नको होती. माझं तर विचारूच नका. पहिल्यांदाच घरात चौघांचं एकमत झालं होतं.

वैशाखात मजूर लावून वई तोडली आणि तिच्या जागी तार ओढली. निवडुंग खड्ड्यात पुरला, कारण तो जळत नाही. बाकीचं सगळं जळण. आमच्या भागात पावसाआधी घराच्या मागे फाट्यांची रास किती उंच रचली आहे यावरून त्या घरातल्या बाईची पारख होते. जळाऊ लाकूड शेतात पेटवून देणं म्हणजे अन्न उकिरड्यावर टाकण्यासारखं. तेव्हा करवंदीच्या काटेरी फांद्या, घाणेरीची झुडपं, मुळं, सगळं ओढून घरामागे आणलं. सासूबाईंनी स्वतः रचलं. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून, पागोळ्यांच्या आत, म्हणजे भर पावसात स्वयंपाकघराच्या दारातून हात घालून लाकूड ओढता येईल. भोकराचं ते खोड फोडायला कुणाला वेळ नव्हता. ते तसंच अख्खं तळाशी गेलं. वरून झावळ्या शाकारल्या. रास माझ्या डोक्यापेक्षा उंच झाली आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिला वाखाणून गेली.

वाडी एकदम उघडी झाली. मला विहिरीपासून माळ दिसायला लागला. पहिले आठ-दहा दिवस मी मजेत होते. मग एक मुंगूस तारेच्या कडेने सारखं इकडून तिकडे पळताना दिसायचं. कुठे थांबावं ते त्याला कळत नव्हतं. थोड्या दिवसांनी तेही दिसेनासं झालं. भारद्वाजाचा घुमणारा आवाज बंद पडला. कोल्हे पूर्वी वईपलीकडूनच ओरडून परत जायचे, ते आता अंगणात यायला लागले. आणि उंदीर-घुशी. केळीचे कोंब कुरतडलेले, भाताच्या कणगीला भोकं. वई गेली म्हणजे वईतलं सगळं गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. ते कुठे जाणार होतं? खाचरं नांगरलेली, माळ उन्हाने भाजलेला. अंधार, ओल आणि आडोसा आता त्या सगळ्या टापूत एकाच जागी उरला होता, आमच्या घरामागे.

हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा फक्त भीती होती, आणि तीही मी नेहमीची म्हणून गिळत होते.

मुलगी झाली ती लावणीच्या दिवसांत. बाळंतिणीची खोली म्हणजे तीच मागची खोली. कारवीचा कूड, वरून शेणामातीचा लेप, उजेड जेमतेम. बारावा दिवस होईपर्यंत बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. मी बाजेवर, मुलगी माझ्या कुशीत, बाजेखाली शेगडी. आणि कुडाच्या पलीकडे रास. दिवसभर तिथे काहीतरी सरकायचं, खरवडायचं. मी सांगितलं की सासूबाई म्हणायच्या, "उंदीर हाय. तुला उंदराचापन साप दिसतो."

एके दुपारी मोठा पाऊस होता. सासरे आणि नवरा लावणीवर. सासूबाई मुलीच्या अंघोळीचं पाणी तापवत होत्या. लाकूड घ्यायला त्या मागच्या दारात गेल्याचं मला आवाजावरून कळलं. झावळी सरकली, फांदी ओढली गेली, आणि कुडापलीकडून, माझ्या उशापासून हातभर अंतरावर, फुत्कार आला. कुकरची वाफ शिट्टीआधी सुटते तसा, पण न थांबणारा. घोणस. मी तो आवाज पूर्वी ऐकला नव्हता, तरी मला कळलं.

"आई, हात घालू नका," मी ओरडले.

पलीकडून त्यांचा "हाय" असा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "काटा लागला गो, करवंदीचा. काय झालं बोंबलायला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात खाली बघितलं. कुडाच्या तळाशी उंदराचं भोक होतं. त्यातून एक पिल्लू आत आलं होतं. वीतभर असेल, पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी, अगदी नीट काढलेल्या. ते शेगडीच्या दिशेने आलं, थांबलं. त्याच्यामागून दुसरं. मुलीला छातीशी घट्ट धरलं, तर ती रडायला लागली, आणि मला वाटलं की तिच्या आवाजाने पिल्लं वर चढतील. वेड्यासारखं होतं ते, पण वाटलं खरं. माझ्या मनात एकच होतं, हेही मूल जाणार.

सासूबाई दारात आल्या. त्यांनी खाली पाहिलं. मागे वळून त्यांनी परात आणली, एका पिल्लावर पालथी घातली. दुसरं बाजेखाली गेलं.

"उतर."

"नाही उतरवत," मी म्हणाले. खरंच उतरवत नव्हतं.

मग त्यांनी जेवणाचे दोन पाट आणले. एक बाजेला टेकवून ठेवला, दुसरा त्याच्या पुढे. मी पहिल्यावर पाय ठेवला की दुसऱ्यावर जायचं, मागचा उचलून त्या पुढे ठेवणार. स्वतः अनवाणी, जमिनीवर. मुलगी त्यांनी डाव्या हातात घेतली होती, पाट उजव्याने सरकवत होत्या. तशी मी खोली ओलांडली, उंबराही ओलांडला. बारावा दिवस व्हायचा होता, पण कायदा करणारीनेच तो मोडला. बाहेरच्या ओटीवर मला बसवून त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीला टेकल्या.

त्यांच्या उजव्या हाताचं रक्त मुलीच्या दुपट्याला लागलं होतं. मी म्हटलं, "आई, बोट."

"काटा हाय म्हटलं ना."

करवंदीचे काटे त्यांना त्या महिनाभरात रोजच लागत होते. हळद लावायची आणि कामाला लागायचं. त्यांनी तेच केलं. बोटाला हळद दाबली. शेजारच्या घरातून माणूस शेतावर पाठवला, पोरीचं दुपटं बदललं, मला गरम पाणी दिलं. रक्त हळदीतून झिरपतच होतं. बोट सुजलं, मग पंजा, मग मनगट, बांगड्या रुतल्या. नवरा आला तेव्हा त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "काटा नसंल."

रस्त्यावर पाणी चढलं होतं. टेम्पो मिळून पालघरच्या दवाखान्यात पोचायला संध्याकाळ उलटली. डॉक्टरांनी जे करता येतं ते सगळं केलं. दातांच्या बारीक खुणांवरून पिल्लूच चावलं असावं, असं ते म्हणाले. विष लहान पिल्लाचं असलं तरी विषच असतं आणि त्याला आम्ही अर्धा दिवस हळद लावून सांभाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या माणसांनी आकड्यांनी रास उपसली. तळाशी भोकराचं खोड होतं, विहिरीच्या कोपऱ्यावरचं. मादी त्याच्या पोकळीत होती. तिच्यासकट वैशाखात उचलून आणलं होतं की ती नंतर आली, कोण सांगणार? घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या बाजेच्या पलीकडे, कुडाच्या त्या बाजूला, तीही बाळंत झाली होती. मादी मारली. पिल्लं काही मारली, काही पाण्याबरोबर केळीत गेली. किती गेली ते कुणालाच माहीत नाही.

सासूबाईंची लघवी बंद झाली. मी त्यांना भेटायला गेले ती मुलीला घेऊनच. घरात ठेवणार कुठे? त्यांचं तोंड सुजलेलं, आवाज फुटत नव्हता. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खाली ठेवू नको गो तिला," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या. सुतकात बारसं राहून गेलं. भाद्रपद संपायच्या आत आम्ही बोईसरला एका खोलीत राहायला गेलो. सिमेंटची फरशी, पांढऱ्या भिंती, एकही भोक नाही. मी रोज तपासायची. शेजारणी म्हणायच्या, मुलीला जरा सोडा की, रांगू द्या. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, तरी ती चालेना. नवऱ्याने डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिचे पाय ओढून, वाकवून पाहिले आणि सांगितलं की पायांत काही दोष नाही. दोष नव्हताच. माझेच हात तिला सोडत नव्हते.