वाणातलं पोस्टकार्ड

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काय लुटायचं, हे आई दिवाळीतच ठरवते. आजवर चहाच्या गाळण्या झाल्या, प्लास्टिकचे डबे झाले, गेल्या वर्षी कुकरच्या रबरी रिंगा झाल्या, ज्या कुणाच्याच कुकरला बसल्या नाहीत. यंदा तिने पोस्टकार्डं आणली.

त्याला कारण एक निकाल. एका लहान मुलीवर नात्यातल्याच माणसाने अत्याचार केला होता. मुलीने घरी सांगायला सात महिने लावले, म्हणून न्यायालयाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही आणि तो सुटला. मी निकाल इंटरनेटवर इंग्रजीत वाचला होता. आईने पोळ्या लाटताना विचारलं, "नेमकं काय लिहिलंय त्यात?" मी अडखळले. असले शब्द मी शाळेत इंग्रजीतून शिकले. आमच्या घरात या विषयावर मराठीत कधी एक वाक्यही झालं नव्हतं. थोडं इंग्रजी, थोडं हिंदी करत कसंबसं सांगितलं. तव्यावरची पोळी करपली, आईने ती उलटली नाही.

मुलांनी उशिरा सांगितलं तर ते त्यांच्याविरुद्ध धरू नये, असा बदल कायद्यात संसदेच्या येत्या अधिवेशनात करा, असं कायदामंत्र्यांना लिहायचं, हे तिने त्याच रात्री जेवताना जाहीर केलं.

"हळदीकुंकवात?" बाबा म्हणाले. "अगं, पुढच्या वर्षी एकही बाई येणार नाही."

भीती खरी होती. लखनऊत आईला मराठीत हसायला-भांडायला याच दहाबारा जणी आहेत. आमचं घर शहराच्या टोकाला, चिनहटच्या बाजूला, शेजारी कुणीच मराठी नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर बाबांनीच सगळ्या कार्डांवर पत्ता घातला, अगदी त्यांच्या लेजरच्या अक्षरात.

हळदीकुंकवाच्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हटलं नव्हतं. बायका काठपदरावर स्वेटर घालून आल्या. तिळाच्या वड्या झाल्या, मटारची घुगरी झाली, आणि मग आईने प्रत्येकीच्या हातात कार्ड ठेवून काय लिहायचं ते सांगितलं.

"सणासुदीला हे काय गं?" बाबांच्या बँकेतल्या एका अधिकाऱ्याची बायको म्हणाली. "घरात पोरंबाळं आहेत."

"त्यांच्यासाठीच आहे," आई म्हणाली.

लष्करी छावणीत राहणाऱ्या काकू सगळ्यांत मोठ्या. नवरा सुभेदार मेजर होऊन निवृत्त झालेला, माहेर साताऱ्याकडचं. त्या कार्ड उलटंपालटं करत म्हणाल्या, "गेल्या वर्षीची रिंग तरी बसली नाही म्हणून फेकता आली. याचं काय करू?"

सगळ्या हसल्या. आईही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तू वाचलंयस."

माझ्या हातात कपांचा ट्रे होता. चार माणसांत मी पाणीसुद्धा मागत नाही. ट्रेकडे बघतच म्हटलं, "मुलीने सांगायला उशीर केला, म्हणून तो सुटला."

"किती उशीर?" काकूंनी विचारलं.

"सात महिने."

"सातच?" काकू म्हणाल्या. मग कुणाकडेही न बघता, "मी आईला सांगेन सांगेन म्हणत राहिले. ती गेली, तरी राहूनच गेलं."

आई त्यांच्या शेजारी अगदी चिकटून बसली. काकूंनी चष्मा पुसला आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस? पेन आण! आणि मी मराठीतच लिहिणार. दिल्लीत कुणीतरी वाचेलच की."

बहुतेकींनी लिहिलं. त्या अधिकाऱ्याच्या बायकोने कार्ड सोफ्याच्या उशीखाली सरकवलं आणि घाईने निघाली. तिचा अजून फोन नाही. आईला ते लागलंय.

कायदा बदलेल की नाही, मला माहीत नाही. आईला त्या रात्री निराळीच काळजी होती. "येतील ना गं पुन्हा?" असं तिने मला दोनदा विचारलं.

सकाळी काकूंचा फोन आला. आईने स्पीकर लावला. "शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू. उरलेली कार्डं घेऊन ये. आणि पोरीला आण, सांगायला. मला सारखं सारखं नाही जमायचं."

आईने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हणाले. मग काकूंना दिसणार नाही हे लक्षात आलं, आणि मोठ्याने म्हटलं, "येते, काकू."