घोडावाला हिलाल

आमच्या ह्यांचं नाव हिलाल पाटील. पण आमच्या सुरतेच्या भेस्तानात हिलाल पाटील कोण म्हणून विचाराल तर लोक चार गल्ल्या फिरवतील. ‘घोडावाला हिलाल’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा आमच्या दारात आणून सोडेल. घोडा म्हणजे खरा घोडा नव्हे हो! गाडी. भाईदास शेठची अमेरिकन मस्टँग. पुढच्या जाळीत पळता घोडा, लांबलचक नाक, आणि टप असा मागे घसरत थेट शेपटापर्यंत गेलेला. दारं दोनच. स्टेअरिंग डावीकडे. मागच्या सीटवर बसायचं तर गुडघे घरी ठेवून यावं लागे.

ती मुंबईत कुणा परदेशी साहेबाची होती. तो मायदेशी गेला, गाडी हातोहात फिरत सुरतेला आली, आणि साड्यांचा व्यापारी असलेल्या आमच्या शेठला हौस आली. तेव्हा हे त्यांच्या पर्वत पाटियाच्या गोदामावर टेम्पो चालवत होते. डाव्या स्टेअरिंगला हात लावायला कुणी धजेना. हे बसले. बसले ते बसलेच!

त्याआधीची गोष्ट सांगितली पाहिजे. अमळनेरकडून आम्ही सुरतेत आलो ते ह्यांच्या थोरल्या भावाच्या, चिंधादादांच्या आधाराने. दादा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते, त्यांनी ह्यांनाही लूमवर लावलं. त्या खडखडाटात ह्यांचा उजवा कान गेला. छातीत धाग्यांची धूळ भरली, खोकून खोकून माणूस दुमडायचा. डॉक्टर म्हणाले, लूम सोडा, नाहीतर दुसऱ्या कानाचीही आशा सोडा. म्हणून टेम्पो, आणि टेम्पोनंतर ही सवत.

सवत नाही तर काय? मार्केटातल्या साड्यांचे मऊ तुकडे मला कधी उशीच्या अभ्र्याला मिळाले नाहीत, सगळे तिच्या अंगाला. प्लेगच्या वर्षी अर्धं सुरत गाड्या भरभरून पळालं. मी आमच्या लहानग्या चेतनला काखोटीला मारून गावाला निघाले, तर हे म्हणतात, “तुम्ही व्हा पुढं. शेठ गेलेत, गाडीकडे कोण बघेल?” असं संतापले होते मी! गावी पोचून घास उतरेना. मेला माणूस सुखरूप राहिला, गाडीही राहिली, आणि वर शेठनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेवर हे वर्षभर जगले.

मग शहाण्णव साली शेठच्या मुलांना एसीची नवी गाडी हवी झाली. मस्टँग विकायला काढली. गुजराती पेपरात जाहिरात आली, आणि गिऱ्हाइकाला गाडी दाखवायचं काम कुणावर? आमच्याच ह्यांच्यावर. शेठनी साफ सांगितलं होतं, नवी गाडी मुलंच चालवणार आणि टेम्पोवर दुसरा माणूस आहे. म्हणजे गाडी गेली की ह्यांची नोकरी गेली. चिंधादादांनी तर मुकादमाकडे शब्दही टाकून ठेवला होता. पुन्हा लूम. म्हणजे उरलेला कानही जाणार.

मी ह्यांना शिकवून पाठवायची. “सांगा ना, पेट्रोल ढोसते म्हणून! टायर मिळत नाहीत म्हणून सांगा! खोटं थोडंच आहे?” हे मान हलवायचे. आणि संध्याकाळी येऊन तोंड लपवायचे. गिऱ्हाईक समोर आलं की ह्यांच्या जिभेवर दुसरंच काही बसायचं. “पेट्रोल पिते, पण एकदा आवाज ऐका साहेब!” लेकीला बघायला पाहुणे आलेत आणि बाप म्हणतोय का की पोरगी आळशी आहे? तसं ह्यांचं. सकाळी धुऊनपुसून, घोड्याला बोटभर कुंकू लावून तिला उभी करायचे. मी कपाळाला हात लावला. नशीब, डावं स्टेअरिंग बघून लोक परत जायचे.

सुरतेबाहेरच्या कामरेजचे कुंदनभाई मात्र गेले नाहीत. उसाची शेती, आडवंतिडवं शरीर, आणि गाड्यांचं वेड ह्यांच्याइतकंच. ते आले नेमके श्रावणातल्या त्या सोमवारी, ज्या दिवशी आमच्याकडे रोट होते.

कानबाई ही आमची देवी, तिचा सण खानदेशी माणसाला दिवाळीपेक्षा मोठा. रविवारी तिला बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची, सोमवारी सकाळी तापीवर निरोप द्यायचा, आणि मग सगळ्या भाऊबंदांनी एकत्र बसून रोट खायचे. घरातल्या एकेकाच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाचे हे गुळाचे जाड रोट. त्याला नियम एकच, पण कडक: रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याच्या तोंडी तुकडा जाता कामा नये. शेजारणीला पुरणपोळी देऊ, खीर देऊ, रोट नाही.

तापीवरून आल्यावर हे म्हणाले, गिऱ्हाइकाला एक चक्कर मारून आणतो. गेले ते गेलेच. इकडे पानं मांडलेली, एक भाऊ कमी म्हणून कुणी घास घेईना. चिंधादादांचा पारा चढत होता. अखेर गल्लीच्या तोंडाशी तो ओळखीचा घरघराट आला. बघते तर गाडी कुंदनभाई चालवताहेत आणि आमचे हे शेजारी, पडलेल्या चेहऱ्याने. मला बघून नुसती मान हलवली. समजले मी. सौदा ठरला.

“त्यांचा पुतण्या चालवणार म्हणतात,” हे हळूच म्हणाले. एवढंच. मला भडभडून आलं, पण घरात भाऊबंद बसलेले.

मी आत पाणी आणायला वळले, तेवढ्यात कुंदनभाई ओट्यावर टेकले आणि हसून म्हणाले, “हिलालभाई, सवारथी भूखो छुं. शुं सरस सुगंध आवे छे!” दुपारच्या वेळी दारात आलेला माणूस तोंडाने भूक सांगतोय. आणि आमचे हे! शेजारी पोळ्यांची चळत होती, खिरीचं पातेलं होतं. ह्यांच्या डोक्यात काय होतं देव जाणे, समोरचं स्वतःचंच ताट उचललं आणि नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. रोटासकट.

पहिला घास त्यांच्या तोंडात गेला आणि चिंधादादा ओरडले, “अरे हिलाल! तुले येड लागनं का रे? रोट कोनले दिना तू?”

कुंदनभाईंचा घास गालातच राहिला. काय चुकलं, त्यांनी ह्यांना विचारलं. ह्यांनी पडत्या आवाजात सांगितलं. बिचारा माणूस, ना गिळता येई ना थुंकता. मी तर ‘धरणीमाय, पोटात घे’ म्हणत उभी.

तेव्हा आमच्या चुलतसासू उषाबाई पुढे आल्या. कानबाईच्या कामात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाल्या, “गिय रे भाऊ, गिय. माय कानबाईना घास शे, थुंकू नको.” आणि दादांकडे वळून, “आते खाद ना त्यानी? मग तो भाऊबंद व्हयना. पुढला साले त्याना नावनी मूठ टाकू.”

देवीचा निवाडा मोडता येईना, म्हणून दादा धुमसत बसले.

कुंदनभाईंनी घास गिळला. दादांकडे तोंड करून मोठ्या गंभीरपणे विचारलं, “तो पछी भाऊबंदने शुं करवानुं होय?”

दादा तडकून म्हणाले, “भाऊबंद काय करतो? वाटणी मागतो! दुसरं काय येतं त्याला?”

घरभर हशा पिकला. दादांनाही हसू आवरेना. कुंदनभाई हसले नाहीत. त्यांनी शांतपणे ताट स्वच्छ केलं, हात धुतले, खिशातून गाडीची चावी काढली. आणि आमच्यासाठी मोडक्या हिंदीत म्हणाले, “तो बटवारा कर देते हैं. गाडी मेरी. चावी हिलालभाई की. कामरेज आना-जाना मेरे ऊपर, पगार सेठ देता है उससे कम नहीं. भतीजा पीछे बैठेगा.” चावी त्यांनी ह्यांच्या हातावर ठेवली.

ह्यांना पटकन उमगेना. चांगला कान पुढे करून म्हणाले, “काय?” कुंदनभाईंनी पुन्हा सांगितलं. तेव्हा हे लहान पोरासारखे रडायला लागले. मला हसू यावं की रडू, कळेना. इतकं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

डोळे पुसून हे दादांना म्हणाले, “दादा, मुकादमले काय सांगू?”

चिंधादादा आयुष्यभर लूमवर राहिलेले. दोन्ही कानांनी ठार बहिरे. सगळ्यांचं बोलणं ते ओठांवरूनच ओळखायचे, ह्यांचा प्रश्नही तसाच कळला. “मी सांगस त्याले,” ते नेहमीसारखं ओरडूनच म्हणाले, “एक भाऊ दिना तुले, दुसरा नही भेटाव.” आणि आपल्या ताटातला रोट मोडून अर्धा त्यांनी ह्यांच्या हातावर ठेवला.