दर सोमवारी सुजणारा हात

सुभद्राबाईंच्या मनगटावर टेप फिरवला, आकडा वाचला आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा फिरवला. आठवडाभर खपून शनिवारपर्यंत दीड सेंटीमीटर उतरवलेली सूज सोमवारी सकाळी होती तिथं परत आली होती. सलग तिसरा सोमवार. मी वर बघितलं. सुभद्राबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांची सून ज्योती माझ्याकडे. दोघींपैकी एक जण काहीतरी लपवतेय, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

मी फिजिओथेरपिस्ट. संभाजीनगरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात सूज उतरवायचं काम करते. लोक त्याला मालिश म्हणतात आणि मला त्याचा राग येतो, कारण ते मालिश नव्हे. रक्तातून पाझरलेलं थोडं पाणी पेशींभोवती राहतं. ते परत नेणाऱ्या बारीक नळ्या कातडीखाली असतात, त्यांच्या जाळ्याला लिम्फची व्यवस्था म्हणतात. हाताच्या नळ्या काखेतल्या गाठींमधून जातात. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये त्या गाठी काढल्या, की काही बायकांच्या हातात पाणी तुंबतं. ते दुसऱ्या वाटेनं काढून द्यायचं हे आमचं काम. आधी मान आणि दुसरी काख मोकळी करायची, मग दंड, मग कोपर, बोटं सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक वेळी आपला हात वर, पेशंटच्या खांद्याकडे फिरवत न्यायचा. तोही इतका हलका, की बघणाऱ्याला वाटावं बाई नुसती कुरवाळतेय. जोर लावला तर सूज वाढते. नंतर वरून खास पट्ट्या बांधायच्या, त्या दिवसरात्र ठेवायच्या.

सुभद्राबाईंचा पहिल्या दिवसापासून माझ्यावर विश्वास नव्हता. "एवढी शिकलेली बाई, अन् नुसता हात फिरवती," असं त्या ज्योतीला म्हणाल्या, माझ्यासमोरच. त्यांचं घर पिशोरकडचं, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं. ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती. उपचारांसाठी त्या वाळूजला मुलाच्या खोलीवर राहायच्या. मुलगा कंपनीत, त्यामुळे रोज ज्योती घेऊन यायची. शनिवारची सीटिंग झाली की दोघी एसटीनं पिशोरला जायच्या, कारण सुभद्राबाईंना घर सोडून करमायचं नाही. सोमवारी पहिल्या गाडीनं परत.

म्हणजे जे काही घडत होतं, ते रविवारी घडत होतं. आणि रविवारची पट्टी बांधायला मी ज्योतीला शिकवलेलं होतं.

आमचे सर्जन सर माझ्या टेबलापाशी डोकावले. त्यांना या उपचाराबद्दल मुळातच शंका. आकडे बघून ते म्हणाले, "तीन आठवडे झाले. पट्टी बांधूनही सूज दाद देत नाही, म्हणजे काखेत आजार परत आलाय का ते बघावं लागेल. स्कॅन लिहितो."

सर चुकीचं बोलत नव्हते. अशी हट्टी सूज हे आजार परतल्याचं लक्षण असू शकतं. पण आठवड्याचे सहा दिवस उतरणारी आणि फक्त रविवारी चढणारी आजाराची सूज मी तरी पाहिली नव्हती. मी सरांना एक आठवडा मागितला. त्यांनी दिला, पण पुढच्या सोमवारी सुभद्राबाईंच्या नवऱ्याला बोलवून घ्या, असंही सांगितलं.

ज्योतीला मी कॉरिडॉरमध्ये गाठलं. माझ्याकडे पुरावे होते. पट्टीचं शेवटचं टोक आम्ही चिकटपट्टीनं लावतो, सोमवारी मात्र ते आत खोचलेलं असायचं. शिवाय पट्टीला करडईच्या तेलाचा वास यायचा. मी तिला विचारलं, रविवारी पट्टी कोण सोडतं आणि कशासाठी? कामाला जुंपता की काय त्यांना?

"म्या सकाळी अंघोळ घालून बांधते, मॅडम," ती म्हणाली. "मंग कापूस वेचायला जाते. सांजच्याला येते तवा बांधलेलीच असती. आत्याला इचारा. मह्या नावावर काऊन घालता?"

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, नाटक. सुभद्राबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत? पट्टी हाय तशीच हाय." एवढं बोलून त्यांनी पदर सारखा केला आणि विषय संपवला. सासू सुनेला पाठीशी घालतेय, असा निष्कर्ष मी काढला. कामाला जुंपणाऱ्या सुनेला सासू कशाला वाचवेल, हा प्रश्नसुद्धा मला तेव्हा पडला नाही.

तो आठवडा मी जिद्दीला पेटून काम केलं. शनिवारी आकडा पुन्हा उतरला. सोमवारी पुन्हा चढला.

त्या दिवशी लिंबाजीमामा आले, सुभद्राबाईंचे यजमान. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरं मुंडासं. चपला पार बाहेर जिन्यापाशी काढून आले आणि खुर्ची दिली तरी बसेनात. मी त्यांना सूज का उतरायला हवी ते सांगितलं. उतरत नाही म्हणून सर स्कॅन करायला सांगताहेत आणि आजार परत आला असण्याची शक्यता आहे, हेही सांगितलं. सांगताना माझी नजर त्यांच्या मुंडाशावर गेली. त्याचं टोक कानामागं आत खोचलेलं होतं, अगदी पट्टीसारखं. मी बोलायची थांबले.

मामा बायकोकडे न बघता म्हणाले, "म्हंजी माझ्या चोळण्यानं बी गुण आला नाय."

सुभद्राबाईंनी मान खाली घातली. मी शक्य तितक्या शांतपणे मामांना म्हटलं, कसं चोळता ते दाखवा. त्यांनी पट्टी सोडली आणि बायकोचा दंड दोन्ही हातांत धरला. खांद्यापासून बोटांपर्यंत दाबत, पिळत खाली आणलं. परत वर जाऊन पुन्हा खाली. मनगटापाशी सगळा जोर.

"मेंढीची कास सुजून दगडावानी झाली की करडईचं तेल लावून असंच करतो," ते म्हणाले. "वरून खाली वढत आणायचं. घाण पानी सडातून निघून जातं, जनावर वाचतं. हिला बी बोटं हायेत, तिथून निघंल म्हणलं. लई जनावरं वाचवली म्या."

मी आठवडाभर जे पाणी वर चढवत होते, ते हा माणूस दर रविवारी दुपारी, मेंढरं पाण्यावरून आणून बसवली की, प्रेमानं खाली उतरवत होता. मेंढीच्या सडाला, म्हणजे आचळाला, उघडं तोंड असतं, बाईच्या बोटांना तशी वाट नसते, हे मी त्यांना सांगितलं. मामांनी एकदम हात काढून घेतला.

मग मी सुभद्राबाईंवर चिडले. तुम्हाला इतक्यांदा विचारलं, स्कॅनचं ऐकलं, सुनेवर आळ आला, तरी गप्प का राहिलात?

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "ऑपरेशन झाल्यापून ह्ये माझ्या जवळ बसले नव्हते. चोळायच्या निमतानं बसाया लागले. तुमाला सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं."

खरं होतं. मी बंदच केलं असतं. मला लाज वाटली.

त्या दिवशीची सीटिंग मी मामांच्या हातून करून घेतली. दिशा वर, जोर शून्य. "एक दिवसाच्या कोकराला धरता तेवढाच," असं सांगितलं आणि मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. इतका हलका हात मी शिकवलेल्या एकाही विद्यार्थ्याचा नव्हता.

सरांनी स्कॅन तरीही केलाच. कारण सापडलं म्हणून शंका संपत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांचं बरोबर होतं. स्कॅन स्वच्छ आला. पुढच्या सोमवारी आकडा चढला नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी तो शनिवारपेक्षाही कमी होता. हात पूर्ण पहिल्यासारखा होणार नाही, तसा तो कुणाचाच होत नाही. पण सुभद्राबाई आता त्या हातानं स्वतःची वेणी घालतात. ज्योतीची मी माफी मागितली. "असू द्या मॅडम," ती म्हणाली, पण त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि तेही मला मान्य आहे.

यातून मी एकच गोष्ट बदलली. पूर्वी नवीन पेशंटला विचारायचे, घरी हात चोळता का? सगळ्या नाही म्हणायच्या. आता विचारते, घरी हात कोण चोळतं? उत्तर देण्याआधी बऱ्याच जणी दाराकडे बघतात. दारात जो उभा असेल, त्याला मी आत बोलावते आणि हात धुवून यायला सांगते.