कपाटातली बाहुली

नातीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "अज्जी, बघ की! शंभरात अठ्ठ्याण्णव!"

लहान बाळाचा श्वास थांबला, हृदय थांबलं तर काय करायचं, याचा नर्सिंग कॉलेजचा कोर्स तिनं घरी गादीवर लोळत ऑनलाइन पुरा केला होता. सोमवारपासून तिला मुलांच्या वॉर्डात ड्युटी होती.

मी चादरीची वळकटी करून तिच्यापुढं टाकली. "हे सहा महिन्यांचं पोर. श्वास घेत न्हाय. चल."

पोरीला क्रम तोंडपाठ. खोटं कशाला बोलू, मी नर्सिंगच्या वर्गात घसा कोरडा करून जे शिकवायची, ते त्या व्हिडिओनं जास्त सरळ शिकवलं होतं. पण दोन्ही अंगठे टेकवून ती दाबायला लागली ती अशी, जणू तव्यावरची भाकरी फुगली का ते बघतेय.

"गुदगुल्या करतीस व्हय त्याला?"

"मग किती दाबायचं?"

"तूच सांग की."

"छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश."

उत्तर बरोबर. हात अडाणी. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत कॉलेजात जाऊन धडकले. तिथल्या तरुण ट्यूटरबाई लई गोड बोलल्या. "थिअरी ऑनलाइन झाली की, आजी. प्रात्यक्षिकाचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे? पोर निळं पडल्यावर?"

त्यांच्या मागं काचेच्या कपाटात सरावासाठी आणलेली बाळाएवढी बाहुली होती. अजून प्लास्टिकमध्येच. ती काढा म्हटलं, तर म्हणतात, "नको हो, मुली खराब करतात. कमिटी तपासणीला आली की दाखवावी लागते."

माझी कानशिलं तापली. आणि तो सगळा संताप त्या बाईंवर नव्हता. हे वाक्य माझंच होतं.

एके काळी मीही इथंच सोलापुरात नर्सिंगची ट्यूटर होते. कडक इस्त्रीची साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि स्वतःला महाविदुषी समजणारी येडी. आमच्या बाहुलीवर मी क्रोशाचा रुमाल घालून ठेवला होता. कुणा विद्यार्थिनीनं बोट लावलं की खेकसायची. मग एकदा वॉर्डात दूध पिता पिता एक बाळ निपचित पडलं. करमाळ्याकडची माझी एक विद्यार्थिनी त्याच्यावर वाकली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, किती खोल?"

महाविदुषी खांबासारखी उभी. मीसुद्धा कधी दाबून बघितलं नव्हतं! धावत आलेल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना कोपरानं ढकलून स्वतः छाती दाबली, म्हणून ते बाळ वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं? किती खोल दाबावं, यावर दोन तास व्याख्यान झोडलं. बाहुली कपाटातच.

हे सगळं मी ट्यूटरबाईंना आवाज चढवूनच सांगितलं. दारात मुली जमल्या. बाईंनी कपाट उघडलं, बाहुली टेबलावर ठेवली.

नात पुढं झाली. छाती पुरेशी दबली की ती बाहुली 'टक्' करते. नातीच्या हाताखाली ती मुकी.

"जोरात!"

"मोडेल की, अज्जी!"

"मोडू दे. बाहुली मोडलेली चालती."

एकदा टक् झालं. मग चार वेळा नाही. पुन्हा एकदा झालं. दोन मिनिटांत पोरगी दमली, घाम नाकावरून ओघळला.

"जातीस सोमवारी वॉर्डात?"

तिनं माझ्याकडं न बघता मान हलवली. नाही.

ट्यूटरबाईंनी ड्युटीचा तक्ता पुढं ओढला. मग म्हणाल्या, "आठवडाभर ड्युटी पुढं ढकलते. सगळ्यांची. रोज हितंच सराव." आणि ओढणी कमरेला बांधून स्वतःच बाहुलीसमोर आल्या. दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. नाहीच. कानापर्यंत लाल झाल्या बिचाऱ्या.

"माझं कुठं चुकतंय?" हळूच विचारलं त्यांनी.

"मी सांगणार न्हाय," मी म्हटलं. "दाबा परत."