पोरींच्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई पहिला प्रश्न कधीच आईला विचारायच्या नाहीत. समोर सहा वर्षांची मुलगी फ्रॉकचं टोक चघळत असो की कॉलेजातली ओढणी पिळत बसलेली असो, बाई पुढे वाकून तिलाच विचारायच्या, "काय होतंय तुला?" शेजारून आई बोलायला लागली, की हसून हात वर करायच्या. "थांबा हो आक्का. तिला सांगू द्या की."

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या आवाजात त्यांचा दवाखाना होता. बाळंतपणं त्या करतच, पण वयात येणाऱ्या मुलींचं दुखणं-खुपणं हे त्यांचं खास काम. म्हणून सगळा भाग त्यांना 'पोरींच्या डॉक्टरबाई' म्हणायचा. विणकरांच्या बायकांशी त्या तेलुगूत बोलत, आमच्याशी मराठीत. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग मात्र कन्नडमध्ये यायचा. तो कुणालाच पुरता कळायचा नाही, आणि बरंच होतं ते.

मी आठवीत होते. वर्गातल्या बहुतेक मुलींना पाळी सुरू झाली होती, मला नाही. पण महिन्याच्या महिन्याला ओटीपोटात असं दुखायचं की मी भिंतीला पाय लावून पडून राहायची. आई ओवा द्यायची, शेकायची. पुढे पुढे पोट टणक लागायला लागलं, थोडं वरही आलं. त्याच सुमारास गावाकडून आत्या राहायला आली. तिनं दोन दिवस माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी आईला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "वहिनी, पोरीचं पोट बगितलं का? ह्ये काय साधं न्हाय. विचारा तिला, कुटं जाती, कुनाला भेटती."

मी दाराआड होते. आत्या काय म्हणतेय ते मला लगेच कळलं नाही. कळलं ते अण्णांमुळे. चिंचोळी एमआयडीसीतून आल्यावर रोज मला हाक मारणारे माझे वडील त्या संध्याकाळी न बोलता जेवले. दुसऱ्या दिवशीही. मी काहीच केलं नव्हतं, पण काय केलं नाही ते सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते.

त्या आठवड्यात एका दुपारी मला लघवीच होईना. कळा सहन होईनात. आईनं रिक्षा बोलावली आणि आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. आत्याही चढली. निरोप मिळाल्यावर अण्णा कारखान्यातूनच आले आणि बाहेर बाकावर बसले.

बाईंनी आत्याला बाहेर पाठवलं. मग मला विचारलं, कधीपासून दुखतं, कसं दुखतं, दर महिन्याला का. मी सांगत गेले. आधी त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली. तपासण्याआधी म्हणाल्या, "बाळ, मी फक्त बाहेरून बघणार. थांब म्हणालीस की थांबणार." एकदा मी खरंच "थांबा" म्हणाले. त्या थांबल्या. मी पुन्हा मान हलवेपर्यंत हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. मोठं माणूस माझ्या शब्दावर थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

सोनोग्राफी झाली. बाईंनी अण्णांना आत बोलावलं. ते दारातच घुटमळले. "बायकांचं हाय, मी कशाला..."

"मुलगी तुमचीच ना? बसा."

मग त्यांनी सगळ्यांसमोर, माझ्यासमोरही, कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी सुरू होऊन बरेच महिने झाले होते. पण रक्त बाहेर यायच्या वाटेवर जन्मापासूनच एक पडदा पूर्ण बंद होता. तिथं थोडी उघडी जागा असायला हवी, ती माझ्यात नव्हती. दर महिन्याचं रक्त आतच साठत होतं आणि लघवीची वाट दाबत होतं. "हिनं काहीही केलेलं नाही," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि इतके दिवस हे दुखणं एकटीनं काढलंय."

अण्णा चित्राकडे बघत राहिले. "म्हंजे लाइन चोक झालती," ते म्हणाले.

"व्हय. तेवढंच. उद्या मोकळी करू."

आत्या दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं, "पडदा कापायचा म्हंजे... बाई, उद्या लग्नाचं काय? सासरच्यास्नी काय सांगायचं?"

डॉक्टरबाई आधी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. मग मराठीत, "टॉन्सिल काढले तर सासरी सांगता का? यात सांगण्यासारखं काही नाही, आणि लपवण्यासारखंही नाही. पोरगी जगली पाहिजे की आधी!"

ऑपरेशन छोटंसं होतं. शुद्धीवर आले तेव्हा पोट हलकं झालं होतं, इतकं की मी हातानं चाचपून पाहिलं. उशाशी अण्णा होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि नावानं हाक मारली. त्यांना तेवढंच जमलं. आत्या गावी जाताना माझ्या हातात बांगड्या घालून गेली. तिलाही तेवढंच जमलं.

पुढे मी डॉक्टरबाईंकडे जातच राहिले. पाळी नियमित आहे ना ते दाखवायला, बारावीच्या परीक्षेच्या काळजीनं ती चुकली तेव्हा, आणि लग्न ठरल्यावर मूल होईल ना हे विचारायलाही. "का नाही होणार?" त्या म्हणाल्या. "पण घाई तुझ्या सासूला असू दे, तू आधी नोकरीत रूळ." आज माझी लेक दोन वर्षांची आहे.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच थकले. हुबळीला लेकीकडे कायमचं जायचं ठरलं. दवाखाना त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेला. निघायच्या दिवशी आई आणि मी भेटायला गेलो. आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून आणली होती. गाडीत सामान चढलं होतं, बाईंचे जावई घड्याळ बघत होते. आम्ही पाया पडलो. मी रडत होते, बाई माझी थट्टा करत होत्या.

आई मात्र दारातून हलेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत शेवटी म्हणाली, "बाई, जाता जाता माझंबी एक विचारू का? लई वर्सं झाली, कुनाला बोलले न्हाय."

डॉक्टरबाईंनी जावयाला खूण केली, खांद्याची पर्स काढून ठेवली आणि बेसिनकडे हात धुवायला गेल्या.