भात्यापाशी बसायची पाळी

मुखरूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. त्यांची मुलगी वनिता नागभीडजवळच्या गावाहून बोलत होती. दुपारी माती आहे म्हणाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? आणि माझ्या तोंडून निघालं, ‘गावाकडचे एक ओळखीचे होते.’ ज्या माणसानं मला ऑर्गन वाजवायला आणि चाल बांधायला शिकवलं, ज्याच्या जोरावर मी चंद्रपुरात संगीताच्या बाई म्हणून मिरवते, तो ओळखीचा. मी उरलेले तास घेतले. मातीला गेले नाही... आज सहा आठवडे झाले. मी लिहायला बसले आहे ती त्यांची थोरवी सांगायला नाही, माझी लाज सांगायला.

धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, आणि नाटकाला ऑर्गन नसेल तर लोकांना ते नाटकच वाटत नाही. भाऊंनी सारी हयात तो वाजवला. पावसाळ्यात नाटकं बंद असली की त्यांच्या पडवीत आम्हा पाच-सहा पोरापोरींचा वर्ग भरे. मोठ्या चर्चमध्ये पाइपांचा ऑर्गन असतो, भिंतीएवढा, आपला हा त्याचा लहान भाऊ, असं ते सांगत. लहान भाऊसुद्धा आम्हाला भारीच होता, कारण खालच्या पेडलपर्यंत आमचे पाय पोचत नसत. मग भाऊंनी तोड काढली. एकानं बाकावर बसून वाजवायचं, दुसऱ्यानं खाली जमिनीवर बसून दोन्ही हातांनी पेडल दाबत भाता चालवायचा. नव्या पोराला महिनाभर खालीच बसावं लागे. मी दहाव्या दिवशीच तोंड फुगवलं, तेव्हा ते म्हणाले, ‘नाव वाजवनाऱ्याचं होते, पोरी. पन भाता थांबला का सूर बी थांबते. हे इसरू नको.’

सूर हाताखाली आले की ते चाल बांधायला लावत. नाटकात पात्र आत येताना वाजते तशी, पण पात्र शोधायचं दारातच. जो कोणी पडवीत येईल, त्याची चाल. आम्ही तलाठ्याची बांधली, वनिताच्या काळ्या शेळीची बांधली. शेळीच्या चालीवर भाऊ असे हसले की तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा उडाला. मी भाऊंचीच बांधली. त्यांचा उजवा पाय जरा ओढायचा. तीन सूर सरळ, चौथा किंचित मागून येणारा. वाजवताना मी घाबरले होते, वाटलं, चिडवते असं त्यांना वाटेल. ते खाली बघत ऐकत राहिले आणि म्हणाले, पुन्हा वाजव. त्या साली नाटकात म्हाताऱ्याच्या प्रवेशाला त्यांनी तीच चाल घेतली आणि लाउडस्पीकरवरून माझं नाव पुकारायला लावलं.

पुढे मी नागपुरात शिकले, चंद्रपूरच्या शाळेत लागले. शाळेत सगळ्यांना वाटे की माझं शिक्षण नागपूरचं. मीही ते कधी खोडलं नाही. तीन वर्षांपूर्वी हौसेनं भाऊंना बोलावलं, मुलांना एक दिवस ऑर्गन दाखवा म्हणून. ते टेम्पोत ऑर्गन घालून आले. धुतलेला सदरा, खिशात खर्र्याची पुडी, आणि फाटकातूनच मोठ्यानं, ‘शालू, कुठी ठेवू वं हे?’ नेमके त्याच वेळी मुख्याध्यापिकांबरोबर बाहेरचे पाहुणे व्हरांड्यात उभे होते. हे कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘पेटी दुरुस्तीवाले आहेत.’

भाऊंनी ऐकलं. माझ्याकडे बघितलंही नाही. ऑर्गन टेम्पोतच राहू दिला, पिशवीतून पेचकस काढला, संगीताच्या खोलीत जाऊन शाळेची हार्मोनियम उघडली आणि दुपारपर्यंत तिचे सूर पुसत बसले. आयुष्यभर नाटकात राहिलेला माणूस. मी दिलेली भूमिका त्यांनी शेवटपर्यंत सांभाळली. जाताना एवढंच म्हणाले, ‘एक सूर बसला होता, मोकळा केला.’ मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पण पाहुणे अजून तिथंच होते... त्यानंतर मी नागभीडच्या बसमध्ये कधी बसले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते?

गेल्या रविवारी मात्र भाऊंच्या घरी गेले. वनिता घरात चहा ठेवत होती. पडवीत ऑर्गनवर दहाबारा वर्षांची एक मुलगी, खाली भात्यापाशी तिच्याहून लहान एक. मी पायरी चढले आणि मोठी वाजवू लागली. तीन सूर सरळ, चौथा किंचित मागून. मी तिथंच थांबले. ही कोणाची चाल, विचारलं.

‘भाऊची हाय. वर्ग सुरू करताना आमी रोज हेच वाजवतो,’ ती म्हणाली. ‘त्यायच्या शालूनं बांधली. ते चंद्रपूरले मोठ्या शाळेत मॅडम हाय. भाऊ तिथी गेले होते तं तिनं साऱ्यायले सांगतलं, हे माये गुरू हायेत म्हनून.’

त्या दिवशी काय झालं ते त्यांनी घरी असं सांगितलं होतं तर. माझी लाज माझ्या आधीच झाकून ठेवली होती.

‘तुमी कोन?’ तिनं विचारलं.

मी शालू आहे म्हणाले, आणि मी तसं सांगितलं नव्हतं, हेही सांगितलं. पाहुण्यांसमोर काय बोलले, ते शब्दही सांगितले. आत कपबशीचा आवाज थांबला. वनितानं ऐकलं होतं. तिनं बाहेर येऊन माझ्या हातात चहा दिला.

खालच्या मुलीचे हात दुखून आले होते. मी कप पायरीवर ठेवला, तिला उठवलं आणि भात्यापाशी जमिनीवर बसले. पेडलची लाकडं भाऊंच्या पायांनी मधोमध झिजलेली आहेत. हात आपोआप तिथंच बसतात. वरच्या मुलीला वाजव म्हटलं. तिनं चाल पहिल्यापासून धरली.