नालीवरचा दंगा

कोहक्यात आमच्या शेजारी राहणारे काका टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून पाहतात. दोन पक्षांचे प्रवक्ते भांडू लागले की दोघांचंही बोलणं काका स्वतःच म्हणून दाखवतात. "तू चोर!" "तुले कसं मालूम? सोबत होता का?" मग मला विचारतात, "बाबू, घरातला पहिला ग्रॅज्युएट तू. सांग, यातला खरा कोण?"

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या दारापुढची नाली तुंबली. दुसऱ्या दिवशी ताईला पाहायला नागपूरचे पाहुणे येणार होते, आणि मुलगा ताईला फोटोतच आवडला होता. दुपारी दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकदमच मतं मागायला आले. काकांनी एकाला फावडं दिलं, दुसऱ्याला घमेलं.

"बोलूनच राहिले न जी तुम्ही! आता उपसा."

दोघंही ओशाळून हसले आणि कामाला लागले. नाली वाहू लागली. एक वार्ताहर मोबाइलवर चित्रण करत होता.

संध्याकाळी त्याच्या चॅनलवर बातमी आली: कोहक्यात फावडी घेऊन दोन पक्ष आमनेसामने!

लगेच पाहुण्यांचा फोन आला. दंगा असेल तर येत नाही म्हणाले. ताईचा चेहरा उतरला. बाबांनी शेजारून काकांना हाक मारली. काकांनी फोन घेतला.

"दंगा कायचा, पाव्हणे? नाली उपसून राहिले होते. या न जी, सोताच्या डोळ्यानं पाहा."

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी दारात चपला काढल्या, पण आत येण्याआधी वाकून नाली नीट पाहून घेतली.